वरव्याच्या उसन्या अळ्या

भोंगवलीच्या शाळेत मी एकटाच मास्तर होतो. त्यामुळे हेडमास्तरही मीच होतो आणि मला रागावण्याचा अधिकारही फक्त मलाच होता. शाळा देवळाच्या ओवरीत भरे. पटावर मुलं एकतीस, हजर साधारण बारा; बाकीची गुरांमागे नाहीतर शेतात. हजेरीपटावर मात्र मी रोज सव्वीस-सत्तावीस मांडत असे. मधूनच एखाद्याला दोन दिवस तापानं आजारी पाडत असे, म्हणजे पट खरा दिसे. मला त्याची काडीइतकीही लाज वाटत नव्हती, कारण माझ्या ओळखीचे बहुतेक मास्तर असंच करत.

तपासणीला येणाऱ्या अंमलदाराला गावात दिपोटी म्हणत. दिपोटी यायचे ठरले की शेजारच्या वाडीवरची पोरं उसनी आणायची, त्यांना आमच्या गैरहजर पोरांची नावं घोकून घ्यायला लावायची आणि ओळीनं बसवायची. पुढं त्या वाडीची तपासणी निघाली की आमची पोरं तिकडं पाठवून परतफेड करायची. दिपोटींना हे ठाऊक असावं. एकदा त्यांनी एका पोराला विचारलं, "गेल्या आठवड्यात तुझं नाव दुसरं होतं ना रे?" आणि उत्तराची वाट न बघता ते चहाकडं वळले.

त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे कामथडीच्या शाळेवर बदली. कामथडी माझं गाव. लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि बायको तिथं माझ्या आईजवळ होती. मी इकडं भोंगवलीत स्वतःच्या हातानं भाकरी थापत होतो, आणि ती भाकरी कशी होई ते मी इथं लिहिणार नाही. कामथडीचे म्हातारे मास्तर उन्हाळ्यात पेन्शनीत निघणार होते, म्हणजे जागा रिकामी होणार होती. त्याच वेळी वेल्ह्याच्या डोंगरातली एक शाळाही रिकामी होती. तिथं कुणी आपणहून जात नसे. खात्याची मर्जी फिरली की माणसाला तिकडं पाठवत, आणि मग त्याला घर दिसे ते दिवाळीला आणि शिमग्याला.

अशात भोर संस्थानच्या शेतकी खात्यात पुण्याहून नवे साहेब आले. बुटके, डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. ते भिंग ते जेवतानाही काढत नसत. थंडीच्या सुरुवातीला त्यांनी आम्हा पंधरा-वीस मास्तरांना एक दिवस भोरला बोलावलं. करडईवर एक अळी असते, तिची नोंद गावोगाव ठेवायची, आणि गावात लिहिता येणारा हुकमी माणूस म्हणजे मास्तर, असा त्यांचा हिशेब होता. ते म्हणाले, "ज्याची नोंदवही चांगली, त्याची शिफारस मी स्वतः शिक्षण खात्याकडे करीन. तिथले अधिकारी माझे साडू आहेत." हे ऐकून मी कान टवकारले आणि तिथल्या तिथं कामथडीचं नाव त्यांच्या कानावर घातलं.

सकाळच्या वर्गात नोंदवही कशी ठेवायची ते शिकवलं. तारीख, गाव, पीक, अळ्यांची संख्या, शेरा, असे पाच रकाने. अळी हिरवी, पाठीवर पांढरी रेघ, पाय नाहीत, माव्याची कीड असेल तिथं सापडते, एवढं त्यांनी जाता जाता सांगितलं. ती अळी काय करते आणि तिची नोंद कशासाठी ठेवायची, हे दुपारच्या वर्गात होतं. सर्व्हिसची मोटार एक वाजता सुटे आणि ती कामथडीवरून जाई. दुपारच्या वर्गाला मी नव्हतो.

आता अळी म्हटली की ती पिकाची वैरीणच, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. भोंगवलीला परत आल्यावर मी मुलांपुढं भाषण ठोकलं. करडई गेली तर वर्षाचं गोडंतेल गेलं, तेल गेलं तर फोडणी गेली! जो पोरगा पाठीवर पांढऱ्या रेघेच्या दहा अळ्या चिरडून आणील, त्याला त्या दिवशी पाढे माफ. दुसऱ्या दिवशी शाळेला तेवीस पोरं हजर. मी मास्तर झाल्यापासून एवढी पोरं एका वेळी पाहिली नव्हती. पोरांनी हाताला गोणपाट गुंडाळून, काट्यांना न जुमानता, दोन आठवड्यांत गावची सगळी करडई अळ्यांपासून मोकळी केली. माझी छाती फुगली.

नोंदी करायला शिवारात जावं लागतं, हे मला त्या काळात पटलं नाही. मी ओवरीत बसून वही भरली. सराव दांडगा होता. सोमवारी विहिरीजवळच्या करडईवर चौदा, बुधवारी ओढ्याकाठी नऊ, शनिवारी माळावर अकरा. सगळे आकडे चढते ठेवले तर संशय येतो, हे हजेरीपटानं मला शिकवलं होतं, म्हणून मधूनच "धुकं दाट पडल्यानं संख्या कमी" असा शेरा मारला. एका नोंदीत तर "काट्यामुळे उजव्या हाताची करंगळी सुजली" असंही लिहिलं. ती ओळ मला इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी मी खरोखर करंगळीला चिंधी बांधून फिरलो.

पगाराच्या दिवशी नसरापुरात वरवे बुद्रुकचा मास्तर भेटला. तो माझ्या बरोबरीचा, पण स्वभावानं अगदी उलटा. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते. त्यानं आपली वही दाखवली. एका दिवशी तीन, एका दिवशी शून्य, मग पुन्हा शून्य, मग एकदम वीस. मी हसलो.

"शून्य कशाला लिहितोस? बाकीचे काय म्हणतील?"

"नव्हत्या तर काय लिहू?" तो म्हणाला. "परवापासून बघ, बऱ्या आल्या आहेत. आता मावा खातील भराभर."

"कोण मावा खाईल?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला दुपारचा वर्ग आठवला. ही अळी करडईला तोंड लावत नाही. ती मावा खाते. नंतर तिची माशी होते, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी थांबून राहते ती. ज्या शेतात ती अळी, त्या शेताची करडई वाचते. एवढं सगळं त्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून समजावलं, आणि मी मान डोलावत राहिलो.

भोंगवलीला पोचलो तो तसाच शिवाराकडं धावलो. शिवारातली करडई माव्यानं काळी पडली होती, पानं चिकट झाली होती. विहिरीजवळच्या शेतातली म्हातारी कमरेवर हात ठेवून माझी वाटच बघत होती.

"मास्तर, तुमी पोरास्नी काय शिकिवलं ओ? एवडा मावा म्या जल्मात बगितला न्हाई. औंदा काय पाण्याची फोडणी द्यायची?"

मी तिला पिकावर राख उधळायला सांगितलं आणि पाय काढता घेतला. घरी दारात चिठ्ठी पडली होती. शेतकीचे साहेब मंगळवारी सकाळी भोंगवलीला येणार, नोंदवही पाहणार आणि विहिरीजवळची करडई स्वतः तपासणार. माझ्या वहीत त्या करडईवर चौदा अळ्या होत्या. खऱ्या शिवारात एकही उरली नव्हती. साहेबांना खोटी वही सापडली तर साडूंकडे शिफारस जाणार ती वेल्ह्याची, हे मला लख्ख दिसत होतं.

आता माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी काय सुचावं? जे दर तपासणीला सुचे तेच सुचलं. आपल्याकडं नाहीत, तर शेजारच्या गावच्या उसन्या आणाव्यात.

रविवारी सकाळी मी वरव्यात हजर झालो. मित्राला सगळं सांगावं लागलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण तो नुसता कपाळाला हात लावून बसला आणि मग माझ्याबरोबर शेतात आला. त्या दिवशी मी ती अळी जन्मात पहिल्यांदा नीट पाहिली. तिला डोकं असं नसतंच. पुढचं टोक निमुळतं, ते ती डावीकडं-उजवीकडं फिरवत चाचपडते, आंधळ्यानं काठी फिरवावी तसं. मावा लागला की त्याला उचलून वर धरते आणि आतलं सगळं शोषून रिकामं टरफल टाकून देते. आम्ही वीस अळ्या गोळा केल्या. माझेही हात ओरबाडले. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून मित्रानं त्यात माव्यानं भरलेले करडईचे शेंडे घातले.

"यांना उपाशी ठेवू नको," तो म्हणाला. "आणि कामथडीला उतरू नको."

मी पहिलं ऐकलं. दुसरं ऐकायला मोटार कामथडीवरून जायला नको होती.

घरी बायकोनं ताट वाढलं, आईनं भोंगवलीची हालहवाल विचारली, आणि मी मुक्कामाला राहिलो. डबा कोनाड्यात ठेवून मी बायकोला बजावलं, "यातल्या अळ्यांना धक्का लागता कामा नये, त्यांच्यावर माझी बदली आहे." ती पदरात तोंड घालून हसली. नवऱ्याची बदली अळ्यांवर असते हे तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं.

सकाळी अंघोळ करून डबा उघडला. आत एकही शेंडा नव्हता. नुसत्या अळ्या, आणि त्याही मोजक्याच.

"मावा कुठं गेला?"

"त्यो व्हय? काल सांजच्यालाच चुलीत घातला," बायको म्हणाली. "आवो, माज्या पावट्याच्या येलावर चढला असता त्यो. अळ्या तेवड्या येचून परत डब्यात ठिवल्या. एकीलाबी धक्का लावला न्हाई."

परसात तिनं पावट्याचा वेल लावला होता आणि त्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव होता. तिला काय बोलणार? मी अळ्या मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. आठच. बाकीच्या भोकांतून पळाल्या म्हणावं तर भोकं सुईच्या अग्राएवढी. मग मी उजेडात डबा धरला आणि मला दिसलं. एका लठ्ठ अळीनं दुसरीला पुढच्या टोकानं पकडलं होतं आणि ती तिला, माव्याला उचलते तशीच, उचलून शोषत होती. धरलेली अळी वळवळत होती, मग मंदावली, मग तिचं कातडं राहिलं. डब्याच्या तळाशी अशी कातडी पडलेली होती.

मी उंबऱ्यावर बसून ते पाहत राहिलो. आई म्हणाली मोटार चुकेल. चुकली. पहिल्यांदा मला वाईट वाटलं ते बदलीचं. मग मात्र मी बदली विसरलो. वीस वर्षांच्या आयुष्यात मी जे काही शिकलो ते कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि मी मुलांना शिकवत होतो तेही कुणीतरी मला सांगितलेलंच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वरव्याच्या मित्रालाही हे माहीत नव्हतं, नाहीतर तो बोलला असता. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून ते दाखवलं. ती वाकून बघत म्हणाली, "अगं बया! जावाजावाच की ह्या." मग मी वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहिलं : कामथडी. पत्र्याच्या डब्यात. मावा नसल्यास एकमेकींस खातात. वीस होत्या, सात उरल्या.

शेजाऱ्याच्या वालावरचा मावा मागून घेतला, तो डब्यात घातला आणि दुपारच्या मोटारीनं निघालो. सातच्या सातही भोंगवलीला सुखरूप पोचल्या. मंगळवारी उजाडताच मी त्या विहिरीजवळच्या करडईवर नीट अंतरा-अंतरावर बसवल्या आणि करंगळीला पुन्हा चिंधी बांधली.

साहेब वेळेवर आले. भिंग डोळ्याला लावून करडईत शिरले आणि काट्यांत अडकत अडकत सातही शोधून काढल्या. "वा मास्तर! मावा भरपूर आहे, त्या मानानं अळ्या कमी, पण आहेत." मी नम्रपणे मान खाली घातली. त्यातल्या दोन त्यांनी काचेच्या नळीत घेतल्या, बूच लावलं, आणि आम्ही शाळेत आलो. मी पोरांना पाढ्यांना बसवलं आणि चहा मागवला.

साहेबांनी वही वाचायला घेतली. पान उलटलं की ते "छान" म्हणत. धुक्याच्या शेऱ्यापाशी थांबून म्हणाले, "हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे." सुजलेल्या करंगळीपाशी त्यांनी माझ्याकडं मायेनं पाहिलं. मी करंगळी मागं घेतली. शेवटच्या पानाशी आल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खिशातून फाउंटनपेन काढलं आणि कामथडीच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"मास्तर, ही अळी मावा खाते. आपल्याच जातीला खात नाही. इतकी सुंदर वही आहे तुमची, तीत असलं मनचं काही लिहू नका." मग वही मिटून ते हसले. "कामथडीची जागा हवी आहे ना तुम्हाला? आजच लिहितो."

मी फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच काम होतं. सबंध वहीतली एकुलती एक खरी ओळ खोडली गेली होती आणि बाकी सगळ्या थापा 'छान' ठरल्या होत्या. माझ्यासारख्या माणसाला याचं हसू यायला हवं होतं. पण मला राग आला, आणि तो इतका चढला की मी स्वतःच चमकलो.

"ती ओळ खरी आहे," मी म्हणालो. "त्या नळीकडे बघत बसा थोडं. त्यांना खायला नाही."

साहेबांनी नळी टेबलावर आडवी ठेवली. दोन्ही अळ्या दोन टोकांना निपचित. पोरांचे विसापर्यंतचे पाढे संपले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग पोरांनी अपूर्णांकांचे पाढे घेतले; पावकी म्हटली, निमकी म्हटली, पाऊणकी म्हटली. चहावर साय धरली. मी मनातल्या मनात त्या अळ्यांच्या पाया पडत होतो. पोरांची सवायकी झाली, दिडकी झाली, आणि औटकीला सुरुवात होते न होते तोच एक अळी टोक फिरवत फिरवत दुसरीपर्यंत पोचली आणि तिनं तिला धरलं. साहेबांनी भिंग लावलं. औटकी संपली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"खरंच की," अखेर ते हळूच म्हणाले. एखाद्या पोरासारखा त्यांचा चेहरा खुलला होता. मग तो खुललेला चेहरा माझ्याकडं वळला. "पण मास्तर, तुम्ही वीस अळ्या एका डब्यात कशाला भरल्या होत्या? आणि भोंगवली सोडून कामथडीत?"

याचं खोटं उत्तर मला सहज देता आलं असतं. जिभेवर दोन-तीन तयार होती. पण त्यातलं कुठलंही दिलं तर त्या ओळीलाही खोट लागणार होती. मी सगळं सांगितलं. दुपारचा वर्ग, पोरांनी चिरडलेल्या अळ्या, वरवे, डबा. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी वही पहिल्या पानावर उघडली आणि एकेका नोंदीवर बोट ठेवलं.

"ही?"

"खोटी."

"ही?"

"तीही."

"करंगळी?"

मी चिंधी सोडून करंगळी दाखवली.

एकेक ओळ त्यांनी पट्टी लावून खोडली. शेवटच्या पानावर, स्वतःच खोडलेल्या ओळीच्या समासात, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : कायम. वही काखोटीला मारून ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, "ही मी पुण्याला पाठवणार होतो, मास्तर." त्यांना फार लागलं होतं. ते बघून मला जे वाटलं ते दिपोटींना फसवताना कधी वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात हुकूम आले. कामथडीची जागा वरव्याच्या मित्राला मिळाली. त्याला ती नकोच होती, कारण त्याचं घर वरव्यातच होतं. मला वेल्हे.

निघायच्या दिवशी मी कामथडीला गेलो. आई देवळात गेली होती. बायको चुलीपुढं भाकऱ्या करत होती, माझ्या वाटेसाठी. तोवर मी तिला नुसतं 'बदली झाली' एवढंच कळवलं होतं. आता तिच्याजवळ पाटावर बसून सगळं सांगितलं, काही न चोरता. वहीतली ओळ म्हणूनही दाखवली, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि ती ओळ मला पाठ होती. मला वाटलं, ती हसेल. जावाजावा म्हणून ती त्या दिवशी हसली होती.

ती तव्यावरची भाकरी उलटायची थांबली.

"म्हंजी सायेब तुमास्नी कामथडी देत हुता?"

"हो."

"आन् तुमी निस्तं गप बसायचं हुतं?"

"हो."

"दोन वरीस हजेरीचं खोटं लिवलंसा. पोरं उसनी आनलीसा. अळ्याबी उसन्या आनल्यासा." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "माज्यासाटी येक डाव गप बसला असता, तर काय झालं असतं ओ?"

भाकरी करपली. मी ती तव्यावरून उतरवली, आणि मोटारीची वेळ होईपर्यंत तिच्या शेजारी तसाच बसून राहिलो.